उमेदवाराला सगळं माफ, नियम फक्त आम्हाला

२०२४ ला विधानसभेचा प्रचार नेमका काकड्याच्या महिन्यात आला. त्रिपुरी पौर्णिमेला समाप्ती आणि २० नोव्हेंबरला मतदान. आरती उरकली की देवळाच्या ओट्यावर चहा, आणि चहाबरोबर 'आपला माणूस कोण' याचं कीर्तन. तेव्हा जे डोकं उठलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही, कारण तीच मंडळी आजही तिथेच बसून तेच बोलतायत.

लगेच मला पुरोगामी म्हणून मोकळे होऊ नका. माळकरी आहे मी, एकादशी चुकवत नाही. धर्म बघून मत देऊ नका असं माझं म्हणणंच नाही. बघताय ना धर्म? मग नीट बघा की!

मंडळातल्या एका पोराने गळ्यात माळ असताना ढाब्यावर अंडाभुर्जी खाल्ली, तर पुढची आषाढी येईपर्यंत त्याला पखवाजाला हात लावू दिला नाही. ठीक आहे, नियम म्हणजे नियम. घरातली मुलगी द्यायची तर मुलाचं गोत्र, मामेकूळ, पगार, तंबाखू खातो का, इथपर्यंत चौकशी. आणि ज्याच्या हातात पाच वर्षं तालुका द्यायचा त्याची? उमेदवाराच्या शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज सगळं असतं, आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतं. मोबाइलवर उघडून अण्णांसमोर धरलं. म्हणाले, "चष्मा घरी राहिला रे." दोन मिनिटांपूर्वी हाच माणूस पंचांग वाचत होता!

वर निष्ठेच्या गप्पा. कसली निष्ठा? २०१९ ला यांनीच भाजप-शिवसेना युतीला मतं दिली, १०५ आणि ५६ जागा आल्या. मग २३ नोव्हेंबरला भल्या सकाळी राजभवनात फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी, २८ ला शिवाजी पार्कात उद्धव ठाकरेंचा दुसरा. २०२२ ला शिवसेनेच्या फुटीर आमदारांची सुरत, गुवाहाटी वारी. २०२३ च्या जुलैत अजित पवारांचा आणखी एक शपथविधी. ओट्यावर प्रत्येक वेळी उत्तर तयार. काकांच्या मते गुवाहाटीला जाऊन कामाख्येचं दर्शन घेतलं, म्हणजे ते धर्मकार्यच. तात्यांच्या मते ती गद्दारी. पण तात्यांचे साहेब २०१९ ला ज्यांच्याविरुद्ध मतं मागितली त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसले, तेव्हा तात्या म्हणाले होते, "राजकारणात चालतं." आणि काल ज्यांच्या नावाने बोटं मोडली तेच २०२३ ला सरकारात आले, तेव्हा काकाही अगदी हेच म्हणाले. मग भांडता कशाला, एकाच ताटात जेवा ना!

पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे. एक तृतीयांश आमदार फोडले की सुटका, ही पळवाटही २००३ ला बुजवली. तरी शिवसेनेच्या फुटीचं प्रकरण दीड वर्ष घोळत राहिलं आणि जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी दोन्ही बाजूंच्या कुणालाच अपात्र ठरवलं नाही. आमदार कशाला घाबरतील मग? ओट्यावर त्यांचे बिनपगारी वकील बसलेत. विश्वासघात झाला तो मतदाराचा, आणि मतदारच त्याला चाणक्यनीती म्हणून टाळ्या वाजवतोय.

'नोटा'चं, म्हणजे यंत्रावरच्या 'वरीलपैकी कुणीच नको' या बटणाचं, नाव काढलं तर, "म्हणजे समोरच्याला मदत. पाप लागेल." मत न विकणाऱ्याला पाप, उमेदवाराला मात्र सगळं 'मोठ्या कार्यासाठी' माफ.

सगळ्यात संताप आला तो मावशींच्या वेळी. पहाटे चारला उठून प्रसाद करणारी बाई, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी एवढंच विचारलं, "प्रचाराच्या पोरांना रात्री दारू कोण पाजतंय? आमच्याच गल्लीत ओकून पडतात. ते सांगा आधी, मग धर्म सांगा." दारूबंदीवर तावातावाने प्रवचन देणारे चार जण तिथे होते. एकाच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ. शेवटी अण्णा म्हणाले, "मावशी, तुम्ही शिऱ्याचं बघा."

मावशी गेल्या. त्या दिवशी शिऱ्यात तूप कमी पडलं, तर त्यावर मात्र सगळ्यांना मत होतं. अर्धा तास चालली चर्चा.