जादा पाटा का टाकला नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

राहण्यासाठी सजवलेल्या आमच्या जुन्या ट्रॅव्हलर व्हॅनचे मागचे पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या) बसले, म्हणून आम्ही ते सेट बदलले. त्यावर "मागे एक जादा पाटा टाकला असता, नाहीतर जुन्यांनाच कमान मारून घेतली असती, तर निम्म्याहून कमी पैशांत काम झालं असतं, ट्रॅव्हल्सवाले वर्षानुवर्षं हेच करतात," असं तुम्ही लिहिलंत. (कमान मारणं म्हणजे बसलेल्या पाट्याला पुन्हा वाक देणं.) खर्चाचं म्हणणं मान्य. पण ट्रॅव्हल्सची गाडी रात्री रिकामी होते. आमच्या जुन्या ट्रॅव्हलरमधला पलंग, ओटा, बॅटऱ्या आणि 80 लिटरची टाकी, म्हणजे पाण्याचेच 80 किलो, गाडी दारात उभी असतानाही पाट्यांवर असतात. त्यात टाकी नि ओटा एकाच अंगाला, म्हणून गाडी डावीकडे कलली होती.

बसलेला पाटा मऊ झालेला नसतो, त्याची कमान गेलेली असते. म्हणून खड्ड्यात तो लगेच बंप स्टॉपरला (वरच्या रबरी अडसराला) टेकतो. जादा पाट्याने उंची मिळते, पण गाडी ताठही होते आणि धक्के शॅकलला (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या दुव्याला) आणि चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला बसतात. शिवाय मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (भारानुसार ब्रेकचा दाब कमीजास्त करणारी झडप) असेल, तर तो भार ओळखतो अ‍ॅक्सल (चाकांचा आस) आणि चासीमधल्या अंतरावरून. पाटा घालून गाडी उचलली आणि व्हॉल्व्हची सेटिंग तशीच ठेवली, की भरलेली गाडी त्याच्या लेखी हलकी ठरते आणि मागच्या ब्रेकला दाब कमी मिळतो. बायकामुलांना घेऊन घाट उतरताना मला हे अजिबात चालणार नाही.

कमान मारण्याला माझा विरोध नाही. पाटा भट्टीत लाल करून, तेलात विझवून, पुन्हा बेताचा तापवून देणारा कारागीर असेल तर जरूर करा. नुसता थंड ठोकलेला पाटा लवकरच परत बसतो. तडा गेलेल्या पाट्याला मात्र कमान मारून उपयोग नाही. आमचा सेट सोडवला तेव्हा दुसऱ्या पाट्याला सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकापासून कडेकडे जाणारी केसाएवढी चीर होती, आत गंज धरलेला. वरखालच्या पाट्यांमुळे बाहेरून काहीच दिसत नव्हतं. ती पाहिल्यावर दोन्ही बाजूंचे सेट बदलायचं ठरलं.

पाटे चाकांच्या आसाला बांधणाऱ्या यू-बोल्टबद्दल विचारलंत: नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. पाट्याच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावरच आवळा, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. थोडी गाडी चालली की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

तुमची गाडी बसली आहे का हे बघायचं असेल, तर सपाट जागी, टाकी भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. आकडे इथे टाका, मग तुमच्या गाडीचं बोलू.