पोस्टाला शिव्या घालण्याआधी पत्ता नीट लिहा!

हिमाचलातल्या स्पितीत हिक्किम गावाला जायचं, सगळ्यांत उंच पोस्ट ऑफिस म्हणून फोटो काढायचे, घरी चार पोस्टकार्डं टाकायची आणि गणपती उठले तरी कार्ड आलं नाही की पोस्टाच्या नावानं बोटं मोडायची. दर वर्षी हेच रडगाणं! अहो, कार्डावर पत्ता म्हणून काय खरडलंय ते बघा. "प्रिय आई-बाबा, कोथरूड, पुणे." तुमची आई कोण हे पोस्टमनला कसं कळणार? दारावरच्या पाटीवरचं नाव, फ्लॅट नंबर, इमारत, रस्ता हे सगळं हवं. गावी पाठवताना मु. पो., ता., जि. लिहायलाही जिवावर येतं. मोबाइल नंबर मात्र ठळक!

आणि पिन. १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं ही पद्धत आणली, निदान त्याची तरी लाज राखा. पहिले तीन आकडे कार्ड कुठल्या सॉर्टिंग (टपाल छाटणीच्या) जिल्ह्यात जायचं ते सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. कोथरूडचा ४११०३८. पण लोक "पुणे म्हणजे ४११००१" ठोकून मोकळे! मग कार्ड आधी पुण्यातच कॅम्प भागातल्या पोस्टात, तिथून फिरून कोथरूडला. पाठ नसेल तर निघायच्या आधी वीजबिलावर बघून घ्या. डोंगरात नेटची वाट बघत बसू नका.

कार्डाच्या मागे मधोमध रेघ असते ती शोभेला नाही. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता, वर उजव्या कोपऱ्यात तिकीट. "इथे खूप थंडी आहे, मॅगी खाल्ली" हे पल्याड पिनपर्यंत सांडतं, मग उरलेल्या बोटभर जागेत मुंग्यांएवढा पत्ता. तिकीट लावायला जागाच नाही, म्हणून ते थेट पत्त्यावर!

जेल पेन तर बंदच करा. चकचकीत कार्डावर शाई वाळत नाही, गठ्ठ्यात दुसरं कार्ड वर पडलं की नाव फरफटतं. साधं बॉलपेन घ्या. तेही गारठ्यात अडतं, म्हणून आतल्या खिशात ठेवा. हिक्किमच्या ४४०० मीटर उंचीवर धापा टाकत, वाऱ्यात मांडीवर कार्ड धरून लिहिण्यात कसली आलीय मजा? आदल्या रात्री खाली काझा गावात मुक्कामाला बसून लिहा, वर नेऊन फक्त टाका. खिडकीपाशी एका पेनासाठी तीस जण ताटकळतात, ते तरी वाचेल.

चित्रकार्डाच्या किमतीत तिकीट आलं असं समजू नका. विचारा आणि लावा. नाहीतर कार्ड नॉटपेड, म्हणजे कमी तिकिटाचं, ठरतं आणि कमी पडलेल्या पैशांची दुप्पट आईकडून वसूल होते. छान आठवण!

एवढं करूनही वेळ लागतोच. हिक्किमहून काझा, तिथून बसनं रिकांग पिओ, मग शिमला. वाटेतल्या किन्नौर जिल्ह्यात पावसाळ्यात दरडी कोसळतात, रस्ता बंद तर टपालही बंद. गणपतीपूर्वी पोचायलाच हवं असेल तर फोन करा. आणि तिसऱ्या दिवशी "कार्ड आलं का गं?" विचारून त्या माउलीला रोज खाली पत्रपेटीपाशी पिटाळू नका.