हवेचा काटा

कोल्हापुरात हवा करायला पैसे पडत नाहीत. तालमीची हवा, मंडळाची हवा, पोरांच्या बुलेटची हवा, सगळी फुकट. पण हवा मोजायची म्हटली की साडेसात हजार रुपये जातात, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. बायकोची समजूत घालायचा खर्च वेगळा.

माझ्याकडे एक जुनी जिप्सी आहे. तिचं मूळ १३०० सीसीचं इंजिन थकलं, म्हणून एका सेडानचं १.६ लिटरचं इंजिन मिळवलं. कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बदलला, हेड पॉलिश करून घेतलं, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर, आणला. (आरटीओत इंजिन नंबरची नोंद कशी झाली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो मी बीपीची गोळी घेऊनच लिहीन.) आता राहिला एक किरकोळ भाग: हवा आत जाते त्या पाइपात बसणारा मास एअर फ्लो सेन्सर. उद्यमनगरात, आमच्या गॅरेज-कारखान्यांच्या वस्तीत, नुसतं ‘मॅफ’ म्हणायचं. त्या किरकोळ भागानं मला तीन महिने पुरवलं.

“एवढं काय असतंय त्यात?” बायकोनं विचारलं. मी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली. “बघ, फुंकर जोरात मारली की चहा लवकर निवतोय. त्या सेन्सरात प्लॅटिनमची एक बारीक तार असतीया, केसाएवढी. ती तापवून ठेवतात. आत जाणारी हवा तिला निववती. ती निवू नये म्हणून किती करंट द्यावा लागला, त्यावरून किती हवा गेली ते कळतंय.”

“आणि ते कळून?”

“एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला १४.७ ग्रॅम हवा लागती. हवा किती आली ते कळल्याशिवाय पेट्रोल किती सोडायचं ते कसं कळणार?”

“अहो, चहा निवला,” ती म्हणाली आणि बशी उचलून घेऊन गेली.

ही युक्ती जर्मनांची. बॉशनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गरम तारेची ही पद्धत गाड्यांत आणली. नाव एलएच-जेट्रॉनिक, त्यातला एल म्हणजे ‘लुफ्ट’, जर्मनमध्ये हवा. त्या तारेवर धूळ बसायची, म्हणून इंजिन बंद केलं की ती सेकंदभर हजार अंशांच्या आसपास लालबुंद करून धूळ जाळून टाकायचे. हे माझी जिप्सी बघणाऱ्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांना पहिल्यांदाच त्या सेन्सरबद्दल आदर वाटला. भट्टी म्हटली की उद्यमनगरातला माणूस विरघळतो.

एरवी मिस्त्री सेन्सरच्या विरोधात. त्यांच्या वडिलांनी ऑइल इंजिनं जोडली. “भावा, आमच्या म्हाताऱ्यानं जोडलेलं इंजिन अजून नदीवर पाणी उपसतंय. हँडल मारलं की चालू. त्याला कुठं सेन्सर हाय? अगदीच पायजे तर मॅप बसीव, स्वस्तात काम हुतंय.” मॅप म्हणजे इनटेकमधला दाब मोजणारा सेन्सर. दाब आणि तापमान बघून ईसीयू हवेचा अंदाज बांधतो, प्रत्यक्ष मोजत नाही. सल्ला वाईट नव्हता. पण मी हौसेनं बसवलेल्या कॅममुळं आयडलिंगला, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू असताना, तो दाब असा थरथरायचा, की अंदाज बांधणाऱ्यानं बिचाऱ्यानं काय बांधावं? शिवाय मला मोजायचीच होती. आमच्या घराण्यात मोजमापाचा जुना राग आहे. वडिलांनी आयुष्यभर ऊस घातला. कारखान्याचं नाव घेत नाही, घेतलं तर निम्मी भावकी बोलायची बंद होईल. पण शेतात भरलेली ट्रॉली काट्यावर गेली की हलकी कशी व्हायची, हे कोडं त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही.

अशा घरात मेव्हणा पहिला सेन्सर घेऊन आला. एका दांडग्या टर्बो डिझेल गाडीचा, भंगारातनं काढलेला, आतली नळी ८० मिलिमीटरची. “दाजी, मोठं घ्या. विषय हार्ड करून टाकू.”

मी वही काढली. १.६ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला फिरलं, तर दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं, म्हणजे मिनिटाला ४८०० लिटर, सेकंदाला ८०. पोट कधी पूर्ण भरत नाही, ८५ टक्के धरा, ६८ लिटर. आपल्याकडच्या उंचीवर आणि उन्हात लिटरभर हवा साधारण १.१ ग्रॅम. म्हणजे जास्तीत जास्त सेकंदाला ७५ ग्रॅम. आणि आयडलिंगला? तीनेक ग्रॅम. मेव्हण्याचा काटा त्याच्या कितीतरी पट हवेसाठी केलेला. उसाची ट्रॉली तोलायच्या काट्यावर कोथिंबिरीची पेंढी ठेवल्यासारखं. काटा हलायचाच नाही.

“मग ईसीयूत आधीपासनं साठ मिलिमीटरच्या सेन्सरचं टेबल हाय, किती व्होल्टला किती हवा त्याचं, तेच ऱ्हाऊ द्या की,” मेव्हणा.

६० च्या जागी ८० ची नळी म्हणजे तोंड पावणेदोनपट. तेवढीच हवा मोठ्या नळीतनं संथ जाते, तार कमी निवते, ईसीयूला वाटतं हवाच थोडी आली, म्हणून तो पेट्रोल हात आखडून सोडतो. मिश्रण पातळ होतं, इंजिन ठोकायला लागतं आणि एखाद्या चढाला पिस्टन राम म्हणतो. थोडक्यात, काटामारी. फरक एवढाच, की इथं ऊसही माझा आणि काटाही माझा.

दुसरा सेन्सर एका दुकानातनं आणला. खोकं चकचकीत, हमी तोंडी. तो व्होल्टऐवजी फ्रिक्वेन्सीत बोलणारा निघाला आणि माझ्या ईसीयूला फक्त व्होल्ट कळतात. तिसऱ्याचं सगळं जमलं, पण किती व्होल्टला किती ग्रॅम याचं कोष्टकच कुठं मिळेना. तराजू आहे, वजनं नाहीत. तो अजून देव्हाऱ्याखालच्या कपाटात आहे. दसऱ्याला अवजारांबरोबर त्यालाही हळद-कुंकू लागतं.

शेवटी आपल्याच मापाच्या एका पेट्रोल सेडानचा, ६० चा, कोष्टकासकट मिळाला. बसवला, तर आकडे नाचायला लागले. त्याला मिस्त्रींनी कारण शोधलं. त्या तारेला हवेची दिशा कळत नाही. माझ्या कॅममुळं थोडी हवा उलटी मागं यायची, ती तारेवरनं गेली की पुन्हा मोजली जायची. लग्नात दारात उभं राहून माणसं मोजणाऱ्यानं पान खायला बाहेर गेलेला पाव्हणा आत येताना परत मोजावा तसं. शिवाय मी सेन्सर पाइपाच्या वळणालगत बसवला होता, तिथं हवा भोवऱ्यासारखी फिरायची. मिस्त्रींनी हातभर सरळ पाइप जोडून तो थ्रॉटलपासून (अॅक्सिलरेटरनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेपासून) लांब नेला आणि तेल लावलेला माझा महागाचा एअर फिल्टर काढून साधा कागदी घातला, कारण ते तेल उडून तारेवर बसतं. सेन्सर नको म्हणणारा माणूस आता पाइपाला क्लॅम्प लावताना तारेकडं बोट जाऊ देत नव्हता.

इंजिन चालू करायच्या आधी चावी फिरवून लॅपटॉपवर बघितलं. शून्य ग्रॅम. “चालतंय का बघू,” म्हणत मिस्त्रींनी पाइपात फुंकर मारली. पाच. गॅरेजमध्ये एकदम शांतता. मग चहा द्यायला आलेल्या पोरानं किटली खाली ठेवून मारली. सहा. समोरच्या लेथवरचा कामगार हात पुसत आला. सव्वासहा. शेजारच्या तालमीतले एक जुने पैलवान बुलेटच्या चेनला आले होते, त्यांनी लुंगी सावरली, छाती भरून घेतली आणि नऊ केले. टाळ्या पडल्या. मिस्त्री मागनं ओरडत होते, “अरं, थुंकी जाईल तारेवर!”

सगळ्यात शेवटी मेव्हणा पुढं झाला. गर्दी बाजूला सारली, बाह्या वर केल्या, माझ्या हातात मोबाईल देऊन म्हणाला, “दाजी, व्हिडिओ घ्या.”

दोन पॉइंट आठ. इंजिनाला आयडलिंगलाच तीन लागतात.

आज आठवडा झाला, जिप्सी पन्हाळ्याला दोनदा जाऊन आली, प्लग विटकरी निघाले, म्हणजे मिश्रण बरोबर. मेव्हणा मात्र ठाम आहे. सेन्सर डुप्लिकेट हाय म्हणतो.