अल गोर असं कधी म्हणालाच नव्हता

परवा कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी एका नेत्याच्या थापांवरचं मीम टाकलं, आणि खाली लगेच एकाची कमेंट, "हा तर अल गोरच्या वरताण, त्याने पण इंटरनेटचा शोध लावला होता ना." त्यावर हसणाऱ्या स्मायल्यांचा पाऊस. आता या ग्रुपमधली निम्मी जनता न्यू जर्सी नाहीतर डॅलसला, सगळे इंजिनिअर, रोजची भाकरी इंटरनेटवर कमावणारे, आणि पंचवीस वर्षं झाली तरी एकालाही वाटलं नाही की बाबा तो नक्की काय म्हणाला होता ते एकदा बघूया. मी तिथे लिहायला बसले तर फारच लांबलं, म्हणून इथे टाकतेय. ज्यांना अमेरिकेच्या निवडणुकीत रस नाही त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करा.

तर किस्सा असा. अल गोर म्हणजे क्लिंटनचा उपराष्ट्राध्यक्ष, २००० च्या निवडणुकीत धाकट्या बुशविरुद्ध उभा राहिलेला डेमोक्रॅटिक उमेदवार. ९ मार्च १९९९, सीएनएनवर वुल्फ ब्लिट्झर गोरला विचारतो की डेमोक्रॅट्सनी उमेदवारीतला प्रतिस्पर्धी बिल ब्रॅडलीला सोडून तुम्हाला का निवडावं. गोर त्याच्या नेहमीच्या स्टाइलमध्ये अघळपघळ बोलत सुटतो, आणि त्यात एक वाक्य येतं, की काँग्रेसमध्ये असताना इंटरनेट निर्माण करण्यात मी पुढाकार घेतला. बस. शोध लावला वगैरे काही नाही. ब्लिट्झरलाही त्यात काही खटकलं नाही, तो पुढच्या प्रश्नावर गेला. नंतर रिपब्लिकन नेत्यांची टिंगलीची पत्रकं निघाली आणि कधीतरी 'पुढाकार घेतला'चं 'शोध लावला' झालं, मग लेट नाइट शोवाल्यांना वर्षभराचं खाद्य मिळालं.

बरं, म्हणाला त्यात तथ्य किती? तर बरंच. १९९१ चा हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग अ‍ॅक्ट गोरनेच आणला होता, लोक त्याला गोर बिलच म्हणायचे, त्यातून साठ कोटी डॉलरच्या आसपास पैसा नेटवर्क आणि सुपरकॉम्प्युटिंगला मिळाला, त्यावर सही तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशची, आणि त्या पैशातला वाटा मिळालेल्या इलिनॉयच्या सेंटरमध्येच पुढे मोझॅक ब्राउझर तयार झाला. विंट सर्फ आणि बॉब कान, म्हणजे ज्यांना इंटरनेटचे जनक म्हणतात त्या दोघांनी २००० च्या सप्टेंबरमध्ये रीतसर निवेदन काढलं की राजकारण्यांमध्ये गोरइतकं या विषयासाठी दुसऱ्या कुणी केलेलं नाही. आता ज्यांनी प्रत्यक्ष शोध लावला तेच त्याची बाजू घेतायत म्हटल्यावर विषय संपायला हवा होता ना? पण ते निवेदन कोण वाचणार, जोक सगळ्यांना पाठ होता.

१९९९ च्याच नोव्हेंबरातला दुसरा किस्सा तर मला पहिल्यापेक्षा भारी वाटतो, आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतो म्हणून सविस्तर सांगते. न्यू हॅम्पशरमधल्या काँकर्ड हायस्कूलमध्ये गोर मुलांशी बोलत होता. सांगत होता की टेनेसीतल्या टून नावाच्या गावातल्या एका मुलीने मला पत्र लिहिलं, तिच्या घरचे लोक विहिरीच्या पाण्याने आजारी पडतायत, मग मी अशा आणखी जागा शोधल्या, त्यात लव्ह कॅनॉल सापडलं, त्यावर सुनावणी घेतली, पण टूनचं नाव कुणी ऐकलेलं नसतं आणि सगळं सुरू झालं ते तिथून. (लव्ह कॅनॉल म्हणजे नायगरा फॉल्स शहरातली ती वस्ती, जिथे घरांशेजारीच केमिकल कंपनीचा कचरा गाडलेला निघाला आणि १९७८ पासून लोकांना घरं सोडावी लागली.) दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टन पोस्ट आणि न्यू यॉर्क टाइम्स दोघांनीही छापलं की गोर म्हणाला, सगळं सुरू केलं ते मी! एवढे मोठे दोन पेपर, दोघांचे रिपोर्टर समोर बसलेले, आणि दोघांची चूक अगदी सारखी. झालं, टीव्हीवर चर्चा, बघा आता हा म्हणतोय लव्ह कॅनॉलपण मीच शोधलं. त्या शाळेतल्या पोरांकडे व्हिडिओ होता. पोरं बिचारी मागे लागली, स्वतःचं प्रेसनोट काढलं, तेव्हा कुठे आठवडा-दहा दिवसांनी दोन्ही पेपरांनी दुरुस्ती छापली. दुरुस्ती कुठल्या कोपऱ्यात छापतात ते पेपर वाचणाऱ्या माणसाला सांगायला नको.

आता माझं म्हणणं ऐका. यात कट वगैरे काही नव्हता. टाइम्स आणि पोस्ट काही बुशचे पेपर नाहीत, दोघांनीही शेवटी गोरलाच पाठिंबा दिला. प्रॉब्लेम वेगळाच आहे, प्रचाराच्या बसमध्ये आणि विमानात हे सगळे रिपोर्टर महिनोन्महिने एकत्र फिरतात, एकत्र जेवतात, तेच भाषण रोज ऐकून कंटाळतात, आणि त्या कंटाळ्यातून प्रत्येक उमेदवाराचं एक कॅरेक्टर ठरून जातं. गोर म्हणजे फुशारक्या मारणारा, बुश म्हणजे बुद्धीने बेताचा पण दिलदार. एकदा भूमिका वाटल्या की मग नाटक आपोआप पुढे जातं. भूमिकेत बसेल ते ऐकू येतं, बसणार नाही ते समोर बोललं तरी कानावर पडत नाही. माझ्या मते काँकर्डला नेमकं हेच झालं, त्या रिपोर्टरांना 'मी' हा शब्द खरोखर ऐकू आला असणार.

आणि गोरला फुगवून सांगायची सवय होतीच, ते काही मी नाकारत नाही. ३ ऑक्टोबर २००० च्या पहिल्या डिबेटमध्ये त्याने सांगितलं की टेक्सासच्या वणव्यांच्या वेळी मी फेमाच्या, म्हणजे आपत्ती निवारण खात्याच्या प्रमुखासोबत तिथे गेलो होतो, प्रत्यक्षात त्या वेळी सोबत प्रमुख नव्हताच. क्षुल्लक गोष्ट, पण लगेच हेडलाइन. आणि ते उसासे! बुश बोलत असताना हा माइकजवळ सुस्कारे टाकतोय, मान हलवतोय, जणू वर्गातला हुशार मुलगा फळ्यासमोरच्या ढ मुलाकडे बघतोय. तरी डिबेट संपल्या संपल्या घेतलेल्या पोलमध्ये गोर थोडा पुढे होता. मग चॅनेलवाल्यांनी ते उसासे एकापाठोपाठ एक जोडून दाखवायला सुरुवात केली, सॅटर्डे नाइट लाइव्ह या विनोदी कार्यक्रमात नक्कल झाली, त्याच्याच माणसांनी त्याला समोर बसवून ती नक्कल दाखवली, आणि आठवड्याभरात लोकांचं मत फिरलं. दुसऱ्या डिबेटला हा इतका गरीब गाय होऊन आला की ओळखू येईना, तिसऱ्याला पुन्हा आक्रमक, बुश उत्तर देत असताना चालत थेट त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला, बुशने वळून नुसती मान हलवली आणि हॉल हसला. तेव्हा बिअर प्यायला कुणाबरोबर बसायला आवडेल असलाही प्रश्न चर्चेत असायचा आणि बुश त्यात पुढे. ज्याने १९८६ मध्येच दारू सोडली होती तो! फ्लोरिडात शेवटी फरक ५३७ मतांचा.

२००४ ला डाव आणखी स्वस्तात साधला. जॉन केरी, डेमोक्रॅटिक उमेदवार, व्हिएतनाममध्ये लढलेला, सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार, तीन पर्पल हार्ट. समोर बुश, जो व्हिएतनामला गेलाच नव्हता. तरी ऑगस्ट महिना चर्चा कशावर, तर केरीची पदकं खरी की खोटी यावर. 'स्विफ्ट बोट', म्हणजे व्हिएतनाममधल्या गस्ती बोटींवरचे व्हेटरन्स म्हणवणाऱ्या केरीविरोधी गटाची पहिली जाहिरात पैसे मोजून लावली होती फक्त तीन राज्यांत. बाकी सगळा देशभराचा प्रचार केबल न्यूजने फुकटात करून दिला, कारण रोज रात्री 'हे आरोप खरे आहेत का?' असं विचारायचं आणि विचारता विचारता जाहिरात पूर्ण दाखवायची. केरीला सरकारी निधीचे पैसे नोव्हेंबरपर्यंत पुरवायचे होते, त्यामुळे त्याचे लोक हात आखडून बसले, आणि केरी स्वतः तोंड उघडेपर्यंत दोन आठवडे गेले. रिपब्लिकन अधिवेशनात लोक जखमेवर लावतात तशा जांभळ्या पट्ट्या लावून आले होते, जखमी सैनिकाच्या पर्पल हार्ट पदकाची टिंगल म्हणून. सैनिकांचा मान राखणारा पक्ष म्हणे.

त्याच वर्षी डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उभ्या हॉवर्ड डीनची भाषणातली ती किंकाळी. चार दिवसांत टीव्हीवर ६३३ वेळा दाखवली. हॉलमध्ये एवढा गोंगाट होता की तिथल्या लोकांना ती जाणवलीही नव्हती, माइक फक्त त्याचा आवाज पकडणारा होता. मात्र त्या ओरडण्याने तो हरला हेही खरं नाही हां, आयोवातल्या पक्षांतर्गत लढतीत तो तिसरा आला होता म्हणूनच तर ते भाषण चाललं होतं.

आता उलट बाजू, कारण कमेंटमध्ये येणारच. अर्धी क्लिप डेमोक्रॅट्सकडूनही चालते. मार्च २०२४ मध्ये ट्रम्पचं 'मी निवडून आलो नाही तर ब्लडबाथ (रक्तपात) होईल' सगळीकडे फिरलं, भाषणात त्याच्या आधी बोलणं चाललं होतं ते मेक्सिकोत बनणाऱ्या गाड्या आणि टॅरिफवर. ट्रम्पला नावं ठेवायला पुरेशा खऱ्या गोष्टी आहेत, कात्री कशाला लावायची? आणि बायडेनचं प्रकरण तर याहून वाईट. जून २०२४ मध्ये त्याचे अडखळण्याचे व्हिडिओ फिरत होते, व्हाइट हाउस म्हणत होतं ही सगळी काटछाट केलेली बदनामी आहे, काही क्लिपा खरंच तशा होत्याही, आणि मग २७ जूनला अटलांटाच्या डिबेटमध्ये नव्वद मिनिटं लाइव्ह, बिना एडिट, जगाने बघितलं. २१ जुलैला माघार. म्हणजे 'बदनामी चाललीय' ही ओरड पण झाकणासारखी वापरता येते.

आपल्या लोकांचं काय, तर ग्रीन कार्डवाल्यांना मत एक नाही पण मतं ढीगभर. २०२४ ला कमला हॅरिसवरचे फॉरवर्ड आठवा, ही आत्ताच कृष्णवर्णीय कशी झाली म्हणून. बाई ऐंशीच्या दशकात हॉवर्ड युनिव्हर्सिटीत शिकली, जी कृष्णवर्णीयांची म्हणूनच ओळखली जाते. वडील जमैकाचे, आई श्यामला गोपालन चेन्नईकडची, दोन्ही गोष्टी पहिल्यापासून जगजाहीर. पण फॉरवर्ड करणाऱ्याला माहिती नकोच असते, त्याला दुजोरा हवा असतो. म्हणून सगळा दोष मीडियावर ढकलायला मी तयार नाही.

रिपब्लिकन जॉन मॅकेनचं बघा. २००० मध्ये पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत न्यू हॅम्पशरला त्याने बुशला दणकून हरवलं, आणि पुढच्या साउथ कॅरोलायनात फोनवरून, पत्रकांतून कुजबूज सुरू झाली की याला एका कृष्णवर्णीय बाईपासून मुलगी आहे. ती मुलगी म्हणजे त्याने आणि त्याच्या बायकोने दत्तक घेतलेली, ढाक्यातल्या मदर तेरेसांच्या अनाथाश्रमातली. तो तिथे हरला. केरीवरची जाहिरात आली तेव्हा पक्ष विरोधातला असूनही ती जाहिरात अप्रामाणिक आहे असं जाहीर म्हणणारा हाच होता. आणि ऑक्टोबर २००८, मिनेसोटातलं लेकव्हिल, ओबामाविरुद्धच्या प्रचारातली त्याची स्वतःची सभा. एक जण उठून म्हणतो ओबामा राष्ट्राध्यक्ष झाला तर मला भीती वाटते. मॅकेन म्हणतो, तो सभ्य माणूस आहे, घाबरायचं कारण नाही. थोड्या वेळाने एक बाई माइकवर म्हणतात तो अरब आहे, हा मान हलवत माइक काढून घेतो, नाही मॅडम, तो कुटुंबवत्सल नागरिक आहे, माझे त्याच्याशी मतभेद आहेत इतकंच. (अरब असलं की कुटुंबवत्सल नसतो का, असं तेव्हा काहींनी विचारलं, रास्तच आहे.) तर 'घाबरू नका' म्हटल्यावर त्याला बूऽऽ करणारे कोण होते? ना टाइम्सचे रिपोर्टर, ना सीएनएन. त्याच्याच सभेला आलेली त्याचीच माणसं.