‘आधी सुरू करा, बाकीचं मग बघू’ : जुन्या ट्रायम्फला हा सल्ला महागात पडतो

वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असलेली जुनी ट्रायम्फ मोटरसायकल दहा किकांत सुरू झाली, असे व्हिडिओ भराभर पुढे ढकलले जातात. सोबतचा सल्ला ठरलेला: जुन्या ब्रिटिश गाड्या दणकट असतात, ताजं पेट्रोल आणि नवी बॅटरी घाला, आधी इंजिन सुरू करा, बाकीचं मागाहून. इंजिन सुरू होतंही. पण धडधाकट इंजिनाची वाट लागायला पुढची पाच मिनिटं पुरतात, आणि अशी इंजिनं आता नव्याने बनत नाहीत. साठच्या दशकातली ६५० सीसीची ट्रायम्फ बोनव्हिल डोळ्यांसमोर ठेवून एकेक दावा तपासू.

‘ऑइल कमी दिसलं तर वर भरा.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. या गाडीचं ऑइल इंजिनाच्या तळाशी नसतं, वेगळ्या टाकीत असतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पंपातल्या बॉल व्हॉल्व्हमधून झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरतं. टाकी रिकामी दिसते, माणूस ती भरतो, आणि आत दुप्पट ऑइल साठतं. त्यावर किक मारली की सील सुटतात, सायलेन्सरमधून धुराचे लोट निघतात. म्हणून आधी क्रँककेसखालचा ड्रेन प्लग उघडा. त्याच्या जाळीवर काय अडकलंय ते बोटाने चोळून बघा. काळा गाळ असेल तर ठीक, चकाकणारा धातूचा कीस असेल तर तिथेच थांबा.

‘नवं ऑइल आतली घाण आपोआप साफ करतं.’ या इंजिनात कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी आहे. बारीक गाळ क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पोटातल्या नळीत, फिरण्याच्या जोराने बाहेर फेकला जाऊन थापला जातो. ती नळी भरली की बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या बेअरिंगला, ऑइल पोचत नाही. आजच्या डिटर्जंट ऑइलने जुना गाळ सुटला, तर तोच पुढच्या वाटा बुजवू शकतो. नळी साफ करायची तर क्रँक बाहेर काढावाच लागतो. काम खर्चाचं आहे, मान्य. पण आधीच्या मालकाने ते केल्याची खात्री नसेल तर मी तरी ते टाळणार नाही.

हे झाल्यावर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, इंजिन सावकाश फिरवा, मगच सुरू करा. सुरू होताच ऑइल टाकीचं झाकण उघडून परतीच्या नळीकडे बघा. ऑइल बुडबुड्यांसह, अडखळत पडायला हवं. थोड्या वेळात पडलं नाही तर इंजिन लगेच बंद करा.

‘ताजं पेट्रोल घातलं की कार्ब्युरेटर चालतो.’ या गाड्यांवरच्या अमाल कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटरमध्ये मंद गतीसाठीचं भोक जेमतेम ०.४ मिलिमीटरचं असतं. वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा तिथे बसला की ताजं पेट्रोल काही करू शकत नाही. तेवढ्याच जाडीचं ड्रिल हाताने, जोर न लावता फिरवावं लागतं. शिवाय ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं आहे, आपल्याकडे तर वीस टक्क्यांचं. नॉर्टन या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या फायबरग्लास टाक्या त्याने मऊ पडतात. कुठलीही गाडी पुन्हा बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा.

‘बॅटरी काय, कोणीही जोडेल.’ या गाड्यांत अर्थ पॉझिटिव्हला आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक फ्रेमला जोडतात. सवयीने निगेटिव्ह टोक फ्रेमला जोडलं की झेनर डायोडमधून (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणाऱ्या भागातून) थेट शॉर्ट होतो. फ्यूज असेल तर तो उडतो, नसेल तर वायरिंग जळतं.

चिकटलेल्या क्लच प्लेटा तर इंजिन बंद असतानाच, क्लच दाबून किक मारत सोडवायच्या.

‘चाळीस वर्षांपुढच्या गाडीला ब्रिटनमध्ये एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) लागत नाही, न्या रस्त्यावर.’ मोठे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून ही सूट आहे, हे खरं. पण गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवायची जबाबदारी मालकाचीच राहते. धोकादायक अवस्थेत चालवली तर २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन गुण. टायरवरचा उत्पादनाचा आकडा चारऐवजी तीन अंकी असेल, तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, नक्षी कितीही ठसठशीत दिसो. ब्रेकचे जुने लायनर ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि सूट असली तरी एमओटी स्वतःहून करून घेता येते. लांब उभ्या राहिलेल्या गाडीची ती जरूर करून घ्या.