सेव्हन कॉर्डचा ‘सातवा सूर’ नेमका कुठला?

म्हापसा-फोंड्याकडच्या कीबोर्ड शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की मेजर कॉर्ड (म्हणजे सा, ग, प एकदम) धरा, त्यात त्याच स्केलचा, म्हणजे सप्तकाचा, सातवा सूर टाका, झाली सेव्हन कॉर्ड. नाही हो! तसं केलंत तर सी, ई, जी, बी वाजेल आणि ती सी मेजर सेव्हन, सी सेव्हन नव्हे. सी सेव्हनला बी फ्लॅट लागतो. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत, सी म्हणजे पांढरी एक, ती सा धरली तर सा ग प आणि कोमल नी, म्हणजे काळी पाच. शुद्ध नी लावलात की घोटाळा.

गोंधळ का होतो तेही कळतं, कारण बहुतेक जण आधी जी सेव्हन शिकतात आणि तिच्यात जी, बी, डी, एफ, सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या, काळी शोधायची वेळच येत नाही. पण ते सी स्केलचे सूर आहेत, जी स्केलमध्ये एफ शार्प, म्हणजे एफच्या लगेच पुढची काळी, असतो.

त्यापेक्षा पट्ट्या मोजा, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून: मूळ सुरापासून चार पुढे, मग तीन, परत तीन. कुठूनही चालतं. चार बोटं जमत नसतील तर मधला पंचम सोडा, फारसं बिघडत नाही, पण ग आणि कोमल नी सोडू नका, सगळी ओढ त्या दोघांतच आहे. जी सेव्हन वाजवून सी वर या, बी एक पट्टी पुढे सरकून सी होतो, एफ एक पट्टी मागे येऊन ई. चवथीत आरतीला पेटी धरणाऱ्याला हे लगेच कानाला कळेल, आमच्याकडे कळलं.