‘कुठलाही सीटी काढा’ म्हणणाऱ्यांनो, गुडघ्याचं काय करून ठेवताय?

फोंड्यापासून म्हापशापर्यंत व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. गुडघ्याच्या हाडातली सूज आता कुठल्याही सीटी स्कॅनमध्ये दिसते. सीटी चांगला आला तर बिनधास्त चाला. एमआरआय म्हणजे पैसे उकळणं. आणि ही सूज म्हणजे हाडातला पू, सुईने काढून टाका. शेवाळलेल्या पायरीवरून घसरलेल्या मावशीलाही तो आलाय आणि ती त्यावर विसंबून चालतेय, म्हणून हे तातडीने.

कुठल्याही सीटीत? साफ खोटं. सूज येते तेव्हा हाडाच्या मज्जेत चरबीच्या जागी पाण्याचा अंश वाढतो. सीटीच्या मापात चरबी साधारण उणे 100, पाणी 0. पण त्याच जागी हाडाची जाळी असते, आणि तिच्या कॅल्शियमपुढे हा फरक झाकला जातो. तो उघडा पाडायला ड्युअल एनर्जी सीटी लागतो. एकाच गुडघ्याचं दोन ऊर्जांवर, उदाहरणार्थ 80 आणि 140 किलोव्होल्टवर, चित्रण होतं. कमी ऊर्जेवर कॅल्शियम किरणं कितीतरी जास्त अडवतं; त्या फरकावरून सॉफ्टवेअर कॅल्शियम वजा करतं आणि उरलेल्या मज्जेचा रंगीत नकाशा देतं. याला व्हर्च्युअल नॉन-कॅल्शियम म्हणतात. यंत्र एका फेरीत किती काप टिपतं हे सांगणारी ‘128 स्लाइस’ची पाटी असली म्हणजे ही सोय असतेच असं नाही. बहुतेक यंत्रांवर ती पद्धत स्कॅनच्या आधीच निवडावी लागते. साध्या सीटीतून मागाहून हा नकाशा काढता येत नाही. चिठ्ठीवर तसं लिहून घ्या आणि सेंटरला आधी विचारा.

‘सीटी चांगला, मग चाला’ हे सगळ्यात घातक. कूर्चेखालच्या हाडाला बारीक तडा गेला असेल, तर साध्या सीटीत काहीच न दिसणं शक्य आहे. विशेषतः ठिसूळ हाडांच्या बायकांत, त्यावर रोज वजन पडत राहिलं की हाड खचतं आणि सांध्याचा पृष्ठभाग बसतो. मग तो मूळ आकाराला येत नाही. दुखणं टिकून असेल, टेकल्यावर कळ येत असेल, तर साध्या सीटीचा रिपोर्ट घेऊन घरी बसू नका.

सीटीत सूज दिसते हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. 2010 साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात मार लागलेल्या 21 जणांच्या गुडघ्यांवर ड्युअल एनर्जी सीटीचं हे तंत्र एमआरआयशी ताडून पाहिलं गेलं, आणि हाडातला मुका मार त्यात बऱ्यापैकी दिसला. पेसमेकरमुळे एमआरआय अवघड असेल त्यांना याचा मोठा आधार आहे. पण हाडाच्या बाहेरच्या कठीण थराला अगदी लागून असलेली सूज त्यात निसटते, आणि तरुणांच्या लाल (रक्तपेशी बनवणाऱ्या) मज्जेचा सुजेसारखा भास होतो. फुटबॉल खेळताना गुडघा पिळवटला तर प्रश्न लिगामेंट (हाडं जोडणारे बंध) आणि मेनिस्कसचा (सांध्यातली कूर्चेची गादी) असतो; त्याला एमआरआयच हवा.

राहिला पू. मज्जेतली सूज हाडाच्या जाळीभर भिनलेली असते, सुईने ओढून घ्यायला तिथे काही साचलेलं नसतं. ताप असेल, गुडघा लाल आणि गरम असेल, तर शंका जंतुसंसर्गाची. त्याच दिवशी इस्पितळात जा.